मान डोलेपर्यंत

डबा माझ्या वडिलांचा होता, त्यात वादाला जागाच नव्हती. झाकणावर ठशानं कोरलेलं नाव, योहान हरी साळवे, आणि खाली साल, एकोणीसशे अकरा. माळीवाड्याच्या टांगा अड्ड्यावर, उन्हं अजून तापलेली असताना, फुलवाल्या अब्दुलनं तो पितळी डबा माझ्या हातात ठेवला आणि सहज म्हणाला, "मास्तर, तुमच्या आई शुक्रवारी दर्ग्यात डबा इसरून आल्या. मुजावरानं घासून ठेवलाय बगा." एवढं बोलून तो गुलाबाच्या टोपलीवर पाणी शिंपडायला वळला. माझ्या शेजारी श्रीमंतराव उभे होते, आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि झाकणावरचं नाव ओठ हलवत, सावकाश, सालासकट वाचलं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या म्हणजे शलमोन साळवेच्या; बोलण्यात ज्याच्या नादी लागू नये असं नगरात पंधरा वर्षं म्हणतात, जो शाळेत वादसभा चालवतो आणि घरी भाजीत मीठ कमी का पडलं याचीही तीन कारणं क्रमानं सांगतो. मी नुसता डबा या हातातून त्या हातात घेतला. तो फार हलका होता, याचंच मला तेव्हा नवल वाटलं.

"आईसाहेब दर्ग्यात?" श्रीमंतराव म्हणाले. "आणि या दिवसांत?" या दिवसांत म्हणजे अठ्ठेचाळीस सालच्या त्या मार्चात. निजामाची हद्द एका दिवसाच्या वाटेवर, आणि गल्लीत जो तो दुसऱ्याच्या दारावर डोळा ठेवून. कोण कुणाकडे गेलं, कुणाच्या घरचं पाणी प्यालं, सगळ्याची बातमी होत होती. "रविवारी सभा आहेच," ते पुढं म्हणाले. "तुम्हीच मांडा, मास्तर. घरचं प्रकरण दुसऱ्यानं मांडणं बरं दिसायचं नाही. गेल्या वर्षी कडूबाईचं तुम्हीच तर मांडलंत." श्रीमंतराव काही वाईट माणूस नव्हेत, पण त्या क्षणी मला त्यांच्या टोपीचासुद्धा राग आला. मी बरं म्हणालो आणि कापडबाजाराच्या रस्त्याला लागलो.

कडूबाईचं मी फार सुरेख मांडलं होतं. चालता चालता मला ते सगळं आठवायला लागलं आणि लाज वाटायच्या आधी, खरं सांगतो, थोडा अभिमानच वाटला. आमच्या मंडळीची एक रीत आहे, ती मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. मी लहान असताना उपासनेत तबला वाजवावा की नाही यावरून मंडळी दुभंगली होती. निम्मे म्हणत, तबला बाजारातला, तो देवाच्या घरात नको. निम्मे म्हणत, तबल्यावाचून भजन म्हणजे तापात बरळणं. सहा महिने माणसं एकमेकांना सलाम करीनात. शेवटी शांतवन मास्तरांनी, ज्यांच्याकडे मी पुढं शिकलो, एक तोड काढली. ज्याच्या विरुद्ध बोलायचं त्याची बाजू आधी आपण मांडायची, त्याच्या तोंडावर. आणि 'हो, हेच माझं म्हणणं' अशी त्यानं मान डोलवल्याखेरीज आपलं काही बोलायचं नाही. तीन रविवार नुसत्या माना नकारार्थी हलत होत्या म्हणे. चौथ्या रविवारी तबला आत आला आणि त्याला विरोध करणाऱ्या म्हाताऱ्यानंच ठेका धरला. तेव्हापासून ती रीत पडली. शांतवन मास्तरांनी ती मला हाताला धरून शिकवली आणि मी तिचं हत्यार केलं. समोरच्याची बाजू मी अशी नटवायचो की त्याला स्वतःलाच वाटावं, अरे, मी इतका शहाणा आहे होय. त्याची मान डोलली की मैदान माझं. मास्तर एकदा म्हणाले होते, "शलमोन, तू मान बघतोस, माणूस बघत नाहीस." म्हाताऱ्या माणसाची कुरकुर म्हणून मी ते सोडून दिलं. आता ते नाहीत, नाहीतर तो डबा घेऊन मी सरळ त्यांच्याकडे गेलो असतो.

कडूबाई भिंगारला ओढ्याकाठी राहते, लोकांचं धान्य निवडून देते. तिनं देवीपुढं नारळ फोडला अशी तक्रार आली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, आई आहे ती. लेकरू तापानं फणफणलंय, जवळ कुणी नाही, वैद्याला हाक मारायला माणूस नाही, अशा वेळी आईचं काळीज घाबरतं, पाय नेतील तिकडं जातं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कडूबाई खाली बघत बसली होती. तिनं मान डोलवली. मग मी माझी बाजू मांडली, आणि प्रभुभोजनाच्या पटावरून तिचं नाव निघालं. श्रीमंतरावांनी माझा हात दाबला. घरी येताना आई फक्त एवढंच म्हणाली, "तिला तू इचारलं हुतंस का रे?" मी म्हणालो, "मान डोलवली ना तिनं?" आई पुढं बोलली नाही. ती बोलली नाही की मी जिंकलो असं समजायची मला सवय आहे.

घरी आलो तेव्हा आई चुलीपुढं भाकरी थापत होती. दीना, माझी बायको, मरियाची वेणी घालत होती. माझी पोरगी मरिया तेव्हा पाच वर्षांची. भाद्रपदात तिला विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस आम्ही तिच्या उशाशी बसून काढले, आणि बाविसाव्या दिवशी तिनं आपणहून पेज मागितली. तिचे केस सगळे गेले होते, ते आता कुठं वेणीला पुरत होते. मी डबा आईसमोर ठेवला. तिनं त्याकडे पाहिलं, पिठाच्या बोटांनी झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाली, "चांगला घासलाय. तुज्या दीनानं इतका कवा घासला न्हाई." दीना गालात हसली आणि माझा चेहरा बघून थांबली.

मी पाटावर बसलो. मला आईचं प्रकरण रविवारी मांडायचं होतं, आणि मांडायचं तर तिची मान डोलायला हवी होती. म्हणून मी तालीम केल्यासारखी सुरुवात केली, आवाज अगदी मऊ ठेवून. "आई, रविवारी सभेत मला बोलावं लागणार. मी सांगीन की तू जुन्या वळणाची, शाळेत न गेलेली. नात आजारी पडली, तू घाबरलीस, काही कळेनासं झालं आणि दर्ग्यात नवस बोललीस. बरोबर?"

"न्हाई," आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

"बरं. शेजारच्या खुर्शीदबीनं तुला भरीस घातलं. भीड पडली, मोडवेना."

"न्हाई."

"मग आई, देवावरचा विश्वासच थोडा डळमळला असेल. होतं माणसाचं. तसं म्हणू?"

आईनं भाकरीला बोटांनी पाणी लावलं. तिनं ती उलटली. मग माझ्याकडे वळली. तिचे डोळे धुरानं लाल झाले होते, की आणखी कशानं, मला सांगता येणार नाही. "शलमोन," ती म्हणाली, "म्या बाप्तिस्मा घेतला तवा माजा भाऊ पारनेरास्नं आला हुता. दारात हुबा ऱ्हायला. आत आला न्हाई. म्हनला, दुस्काळात दान्यासाटी बाटलीस. झालं, त्याचं ठरलं. तू म्हनतोस, अडानी म्हनून गेलीस. तुजं बी ठरलं. तो बी हुशार हुता बाबा, तुज्यासारकाच. दोगांतल्या एकाला बी मला इचारावं वाटलं न्हाई."

खोलीत फक्त तव्यावरच्या भाकरीचा वास होता, थोडा करपल्याचा. मी मामाला पाहिलेलं नाही. आईच्या माहेरचं दार कायमचं बंद झालं ते त्या दिवशी, एवढंच मला ठाऊक होतं, आणि लहानपणी मी मनातल्या मनात त्या माणसाशी पुष्कळ वाद घातले होते. सगळे जिंकलो होतो. आता तो माझ्याच पाटावर, माझेच कपडे घालून बसलेला मला दिसला, आणि मला आईकडे बघवेना. मी मरियाच्या वेणीकडे बघत राहिलो. मग म्हणालो, "विचारतो. का गेलीस?" आवाज माझा नेहमीचा नव्हता, शाळेतल्या पोरांसमोर असा आवाज काढला असता तर ती हसली असती.

"भाकरी खा आदी," आई म्हणाली. मी खाल्ली, आणि ती बोलत गेली.

खुर्शीदबी म्हणजे पलीकडच्या खोलीतली कल्हईवाल्याची विधवा. तिचा मुलगा दाऊद गडबडीच्या दिवसांत हैदराबादेला गेला तो आला नाही. दिवाळीला तिची उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं कळेनासं झालं. आई रोज दुपारी तिला पेज भरवायला जायची, हे मला माहीत होतं. म्हणजे आई दुपारी घरात नसते एवढं माहीत होतं. खुर्शीदबी पेज खायची आणि काहीतरी सांगायचा प्रयत्न करायची. डाव्या हातानं पुन्हा पुन्हा आमच्या घराकडे बोट दाखवायची आणि रडायची. "मला काय कळंना," आई म्हणाली. "म्या इचारत बसले. पानी पायजे? तिनं मान हलवली, न्हाई. दाऊदला कळवायचं? न्हाई. दुकतंय? न्हाई. तीन दुपारी अशा गेल्या. तिसऱ्या दुपारी म्या म्हनलं, आमच्या मरियाचं काय हाय का? तवा मान डोलली."

मरियाच्या तापात खुर्शीदबीनं दर्ग्यात नवस बोलला होता. पोरगी उठली तर फुलांची चादर आणि मलीदा. आम्हाला सांगितलं नाही, कारण आम्ही सांगू दिलं नसतं. पोरगी उठली, आणि नवस फेडायच्या आधी ही पडली. तिला वाटत होतं आपला शब्द खाली पडला, आता त्याचं काही पोरीवर यायला नको. "आपल्या पोरीसाटी रडनारी बाई," आई म्हणाली, "ती रोज त्या भ्यानं रडती, आन म्या म्हनू, बाई, आमच्या मंडळीत चालत न्हाई? माज्या घरचं तूप घातलं, मलीदा केला, गेले. मुजावराला म्हनलं, ह्ये खुर्शीदचं, तिचं नाव घे."

"तिथं हात जोडलेस का?" मी विचारलं. हे विचारायलाच हवं होतं; सभेत पहिला प्रश्न तोच आला असता.

"हात कशानं जोडू? हातात डबा हुता." मग थोडं थांबून म्हणाली, "आपल्या प्रभूचं नाव घेतलं मनात. म्हनलं, तू बी हितंच हुबा ऱ्हा जरा. परसाद पदरात आनला, तिला भरवला. त्या दिशी ती झोपली. सुकानं झोपली रं. डबा तितंच ऱ्हायला, माज्या ध्यानात बी आलं न्हाई."

दीना केव्हाची रडत होती. मला रडू आलं नाही. मला त्या तीन दुपारी दिसत होत्या. अंगठा उठवणारी माझी आई एका वाकड्या तोंडापुढं बसून विचारतेय, हे म्हणतीस का, ते म्हणतीस का, आणि मान डोलेपर्यंत उठत नाही. शांतवन मास्तरांची रीत मी पंधरा वर्षं शिकवत होतो, आणि भिंतीपलीकडे ती खरी चालली होती तेव्हा मी बहुधा शाळेत पोरांना सांगत होतो की प्रतिपक्षाचा मुद्दा कसा कमकुवत करावा.

रविवारी सभा भरली. बायका चटईवर एका बाजूला, आई खांबाजवळ, नवं पातळ नेसून. ती शांत होती. सत्तर वर्षांची बाई. तिला वर्षातून चार वेळा प्रभुभोजनाचा प्याला ओठाला लावायला मिळतो, आणि त्या दिवशी ती सकाळपासून कुणाशी बोलत नाही. पुढच्या रविवारी पुनरुत्थानाचा सण होता. नाव निघालं असतं तर तो प्याला तिच्यासमोरून पुढं गेला असता, आणि तो पुढं सरकवायची तजवीज करणारा मी. मी उभा राहिलो. जे ऐकलं ते सांगितलं, तिच्या क्रमानं, तिच्याच शब्दांत जमेल तितकं. एका जागी मात्र जुनी खोड उफाळली आणि मी म्हणालो, "शेजारणीची दया येऊन..." खांबाकडून आवाज आला, "दया न्हाई. ती आमच्या पोरीसाटी रडली हुती." कुणीतरी खोकलं. मी म्हणालो, "चुकलं. दया नाही." मग पुढं सांगितलं, शेवटापर्यंत, आणि थांबलो. आईनं मान डोलवली. एकदाच.

आता बोलायची पाळी माझी. खिशात दोन वचनं लिहिलेला कागद होता. मी म्हणालो की दर्ग्यात चादर वाहणं मला आजही पटत नाही, आणि ते न पटण्याची कारणं मी सांगू शकतो. पण माझ्या आईनं केलं ते तसं नव्हे. तिनं एका लुळ्या बाईचा शब्द चालत नेऊन पोचवला. याच्याविरुद्ध माझ्याकडे काही नाही. श्रीमंतराव उठले. त्यांचा चेहरा पडला होता. मला सवयीनं त्यांना गाठावंसं वाटलं, आणि मी स्वतःला आवरून म्हणालो, "श्रीमंतराव, तुम्हाला असं वाटतं का, की आपण मूठभर माणसं, आधीच दोन्हीकडचे आपल्याला परके समजतात, आणि उद्या काही झालं तर आपल्या घरांवर येईल?" मग त्यांनी मान डोलवली आणि खाली बसले. म्हणाले, "मला झोप येत नाही, मास्तर." पंधरा वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदाच खरं बोलले. हात वर झाले. आईचं नाव पटावर राहिलं.

सणाच्या सकाळी तबला वाजत होता. प्याला बायकांच्या ओळीतून हातोहात आला. आईनं तो दोन्ही हातांत घेतला, थोडा वेळ धरून ठेवला, आणि ओठाला न लावता शेजारणीकडे दिला. पाळकसाहेब घोटाळले. मी पुरुषांच्या ओळीतून नुसता बघत होतो. बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. "आई, हे काय केलंस? सगळ्यांनी हात वर केले ना?"

"माज्यासाटी केले," ती चपला शोधत म्हणाली. "मला लेक हुता मांडाया. कडूबाई येईल तवा घेईन."

दुपारीच मी भिंगारला गेलो. वाटेत सवयीनं वाक्यं जुळवत होतो. कडूबाई, आमचं चुकलं, आईच्या काळजाला कायदा लावता येत नाही, वगैरे. दोनतीन चांगली जमलीही होती. कडूबाई दारात बसून ज्वारी पाखडत होती. मला पाहून तिनं सूप थांबवलं, डोक्यावर पदर घेतला. "काय मास्तर?" ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती, माझ्यामुळं होती, आणि ती मी एक वर्ष ओळखली नव्हती. मी म्हणालो, "गेल्या वर्षी तुमचं लेकरू आजारी होतं, तेव्हा..."

"न्हाई," कडूबाई हळूच म्हणाली. "लेकराला काय बी झालं नव्हतं, मास्तर."

उन्हात ज्वारीचा कोंडा उडत होता. ताप, फणफण, वैद्याला हाक मारायला माणूस नाही, बायकांचे पदर डोळ्यांना. ते सगळं माझं होतं. "मग मान का डोलवलीत?" मी विचारलं.

"तुमी इतकं चांगलं बोलत हुता," ती म्हणाली. "मदी कुटं बोलावं, कळंना."

जुळवलेली वाक्यं कुठं गेली कुणास ठाऊक. बोलायला काही उरलं नव्हतं, आणि ते न उरणं मला बरं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. मी उंबऱ्याखाली जमिनीवरच बसलो. कडूबाईनं घाईघाईनं सूप बाजूला सारलं, पोतं पुढं केलं, आणि मी त्यावर सरकलो.

"मग काय झालं होतं?" मी म्हणालो.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी आणखी काही बोलतो की काय म्हणून. मी बोललो नाही. मग तिनं सांगायला सुरुवात केली.